क्लच प्लेट वारंवार जळते? एकदा पायही तपासून घ्या

वाचकहो, आरोग्याच्या सदरात क्लच आणि गिअर हे शब्द पाहून डॉक्टरांनी दवाखाना बंद करून गॅरेज टाकले की काय, अशी शंका तुम्हाला येईल. तसे काही झालेले नाही. पण गेल्या दीड-दोन वर्षांत माझ्याकडे असे काही रुग्ण आले, की त्यांच्या दुखण्याचा उलगडा गाडीच्या तक्रारीवरून झाला आणि गाडीच्या तक्रारीचा उलगडा दुखण्यावरून. त्यातल्या एका रुग्णाची परवानगी घेऊन, आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलून, ही हकीकत सांगतो.

पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ आमच्या रिद्धपूरच्या आसपासच्या बागांतून संत्री भरून मोर्शी, वरुड, अमरावतीला पोचवतात. गाडी स्वतःची, पिकअप. मधुमेह बारा वर्षांचा. गोळ्या चालू, पण तपासणीला येणे सवडीप्रमाणे. अंबिया बहाराचा माल निघायला लागला की ते दवाखान्याच्या दारातून फक्त हात हलवून पुढे जातात. त्या दिवशी मात्र आत आले. हातात लायसनच्या नूतनीकरणाचा फॉर्म १-अ होता.

"डॉक्टरसाहेब, सही पाह्यजे होती. दोन मिन्टाचं काम हाये."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मालवाहू किंवा प्रवासी वाहनाचे लायसन असेल, किंवा वयाची चाळिशी उलटली असेल, तर हा वैद्यकीय दाखला नोंदणीकृत डॉक्टरकडून घ्यावा लागतो. दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीचा नंबर वाचता येतो का, रंग ओळखता येतात का, ऐकू येते का, रातांधळेपणा आहे का, हातापायात गाडी चालवायला आड येईल असे व्यंग आहे का, असे प्रश्न त्यात असतात. बहुतेक लोक हा फॉर्म 'सहीचे काम' समजतात, आणि आम्हा डॉक्टर मंडळींनीही त्याला बराच हातभार लावला आहे, हे कबूल केले पाहिजे.

रक्तदाब पाहता पाहता मी सहज विचारले, "धंदा कसा काय?"

"धंदा चांगला हाये साहेब, पन गाडी खाऊन राह्यली सारं. सव्वा वर्सात तीनदा क्लच प्लेट बदलली. मिस्त्री म्हन्ते, प्लेटच हलक्या येऊन राह्यल्या आजकाल. आता पुन्हा गेर पडत नाई बराबर, अन् चढावर गाडी नुसती बोंबलते, उठत नाई."

आता इथे थोडे थांबून क्लच म्हणजे काय ते समजून घेऊ, नाहीतर पुढचे कळणार नाही.

इंजिन सुरू झाले की फिरतच राहते. चाके मात्र कधी थांबतात, कधी फिरतात. या दोघांची गाठ बांधायची आणि सोडायची, हे क्लचचे काम. इंजिनाला लागून एक जड चक्र असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्यावर एक दाबपट्टी घट्ट स्प्रिंगने दाबून बसवलेली असते आणि दोघांच्या मध्ये, जात्याच्या दोन तळ्यांत धरल्यासारखी, खरखरीत अस्तराची क्लच प्लेट असते. पाय पेडलवर नसतो तेव्हा तिन्ही एकजीव होऊन फिरतात. पाय पूर्ण दाबला की दाबपट्टी मागे सरते आणि प्लेट मोकळी होते. तेवढ्या मोकळ्या क्षणात गिअर बदलायचा. गोम आहे ती मधल्या अवस्थेत. पेडल अर्धवट दाबलेले असेल तर प्लेट धड चिकटलेली नसते, धड सुटलेलीही नसते. ती घासत राहते, तापते आणि झिजते. गाडी जागची हलवताना असे क्षणभर घासणे आवश्यकच आहे, त्याशिवाय गाडी धक्का खाऊन बंद पडेल. पण तेच जर मैलोन्‌मैल चालले तर वर्षानुवर्षे टिकणारी प्लेट काही महिन्यांत जाते. जळल्याचा उग्र वास येतो. इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र वाढत नाही. आमच्या रुग्णाच्या भाषेत, गाडी बोंबलते पण उठत नाही.

तेव्हा सव्वा वर्षात तीन प्लेटा म्हणजे दोनच शक्यता. एक तर गाडीत दुसरा काही दोष, म्हणजे तेल गळून प्लेटवर जाणे, केबल अति ताणलेली असणे, किंवा प्लेटबरोबर दाबपट्टी न बदलणे. नाहीतर चालकाचा पाय. मी त्यांना विचारले, "तुम्ही गाडी चालवताना पाय क्लचवर ठेवता का?" ते दुखावले. तीस वर्षांचा चालक माणूस. शिकाऊ पोरांची खोड आपल्याला लावतात म्हणजे काय! "मी कुठी पाय ठेवतो साहेब? पाय मोकळाच राह्यते माह्या."

त्याच दिवशी मला एका म्हाताऱ्या बाईंना पाहायला बागेत जायचे होते आणि त्यांची वाट तीच होती. मी म्हटले, चला, तुमच्याच गाडीतून येतो. फॉर्म परत आल्यावर पाहू.

रस्ता सपाट, गाडी रिकामी, चौथा गिअर. मी डावीकडे बसलेलो, त्यामुळे त्यांचा डावा पाय मला स्वच्छ दिसत होता. पायाचा पुढचा भाग क्लचच्या पेडलवर आरामात विसावलेला होता आणि पेडल दोनएक बोटे खाली गेलेले. मी काही बोललो नाही. दोन किलोमीटर गेल्यावर विचारले, "आता पाय कुठे आहे तुमचा?"

"खाली हाये ना, पत्र्यावर."

"पहा बरं."

त्यांनी खाली पाहिले. तो चेहरा मी विसरणार नाही. माणूस खोटे बोलत नव्हता. त्याला खरेच ठाऊक नव्हते.

बागेत पोचल्यावर चारपाईवर बसवून मी त्यांचे पाय पाहिले. डाव्या तळव्यात, करंगळीच्या मुळाशी, बाभळीचा काटा मोडून बसला होता. भोवती काळपट घट्टा, आणि दाबल्यावर थोडा पू. "हे कधीचं?" तर उत्तर, "काटा? मले तं काहीच मालूम नाई." कापसाची वात करून तळव्यावर फिरवली, डोळे मिटून सांगा म्हटले. डाव्या पायाला घोट्यापर्यंत काही कळत नव्हते. उजव्याला बोटांपुरते कळत नव्हते. दवाखान्यात परत येऊन नायलॉनच्या जाड केसासारखा जो तंतू असतो, वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब देणारा, त्याने आणि १२८ कंपनांच्या चिमट्याने रीतसर तपासले. निदान पक्के झाले. मधुमेहाने पायांच्या मज्जातंतूंवर परिणाम केला होता.

हा विकार चोरपावलांनी येतो. आधी मुंग्या, रात्री तळव्यांची आग, गादीवर किंवा कापसावर चालल्याचा भास. मग एक दिवस आग थांबते आणि रुग्णाला वाटते, बरे वाटले. वास्तविक आता दुखण्याची जाणीवच गेलेली असते. आपल्याकडे मी एक साधा प्रश्न विचारतो, 'चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असे होते का?' या गृहस्थांना विचारल्यावर ते हसले आणि म्हणाले, वर्षभरात दोन चपला अशाच गेल्या, एक तर बहिरमच्या यात्रेत. घरी सगळ्यांनी त्यावर थट्टा केली होती. मला मात्र हसू आले नाही.

डॉक्टरकी करताना मला लागलेला एक धडा सांगून ठेवतो. साखरेची गोळी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि त्यानेही पाय असेच बधिर होतात. आमच्या भागात शाकाहारी घरे पुष्कळ, त्यामुळे ते आधीच कमी असते. मधुमेहाने गेलेली संवेदना बहुतेक वेळा परत आणता येत नाही, पुढची घसरण तेवढी रोखता येते. बी-१२ ची कमतरता मात्र वेळेवर भरून काढली तर पुष्कळ सुधारणा होते. म्हणून प्रत्येक बधिर पाय 'साखरेचा' म्हणून सोडून देऊ नये. यांचे बी-१२ कमीच निघाले. इंजेक्शने सुरू केली. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी १० च्या वर होती, तेव्हा इन्सुलिनही सुरू करावे लागले.

राहिला प्रश्न सहीचा.

"पाय धुऊन घेतो, मलम लावतो, पन सही करून द्या साहेब. पोट हाये माह्यं त्याच्यावर," ते म्हणाले. मी त्यांना समजावले, की डाव्या पायाने क्लच प्लेटच जळते, पण उजव्या पायाची बोटेही बधिर होऊ लागली आहेत. ज्या पायाला ब्रेकचे पेडल किती दाबले गेले हे कळत नाही, ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर हे खाली पाहून ठरवावे लागते, तो पाय मोर्शीच्या बाजारातल्या गर्दीत काय करील? मी सही केली नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, तोवर गाडी दुसऱ्याने चालवावी, असे लिहून दिले. ते रागावून गेले. जाताना म्हणाले, सही कुठीही भेटते. खरे आहे, भेटते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. संत्र्याच्या हंगामात तीन महिने गाडी दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे काय, हे मी शेतकऱ्याचाच मुलगा असल्याने जाणतो.

त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी याच्या अगदी उलटी गोष्ट.

एका शिक्षिका बाईंचा डावा गुडघा वर्षभर दुखत होता. वय पंचेचाळीस, वजन बेताचे, क्ष-किरण फोटो जवळजवळ निर्दोष. वेदनाशामक गोळ्या घेऊन घेऊन पित्त वाढले. चांदूर बाजारला रोज स्वतःच्या जुन्या लहान गाडीने जात. पिकअपच्या अनुभवानंतर मी शहाणा झालो होतो. त्यांच्या गाडीत बसून पेडल दाबून पाहिले, तर माझाही पाय थरथरला. केबलच्या क्लचमध्ये केबल आतून गंजली, तिचे धागे तुटू लागले, किंवा दाबपट्टीची स्प्रिंग थकली की पेडल जड होत जाते. रोज थोडे थोडे जड होते म्हणून मालकाला कळत नाही. त्यात बाईंची सीट फार पुढे होती, गुडघा काटकोनाहून जास्त दुमडलेला. अशा दुमडलेल्या गुडघ्याने जोर लावला की वाटीच्या मागच्या कूर्चेवर दाब वाढतो. केबल बदलली, सीट मागे सरकवली. दीड महिन्यात गोळ्या बंद. गॅरेजचे बिल माझ्या आतापर्यंतच्या औषधांपेक्षा कमी आले, हे बाईंनी मला आवर्जून सांगितले.

सीट कुठे असावी? पेडल पार तळापर्यंत दाबल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे आणि कंबर पाठीच्या गादीला टेकलेली राहिली पाहिजे. पेडल गाठण्यासाठी कंबर पुढे घसरत असेल तर सीट लांब आहे. दर गिअरला अशी कंबर घसरवणाऱ्यांची पाठ दुखणारच, त्याला पट्टा बांधून उपयोग नाही.

आता गिअर टाकण्याबद्दल. मी स्वतः वडिलांच्या फियाटवर शिकलो. तिचा गिअर स्टिअरिंगला होता. घाई केली की 'कर्रर्र' असा आवाज यायचा आणि वडील माझ्याकडे न पाहता म्हणायचे, "दात मोजतोस काय?" गिअरबॉक्समध्ये दाते असलेली चाके असतात, आणि वेगवेगळ्या गतीने फिरणारे भाग एकमेकांत अडकवायचे तर आधी त्यांची गती सारखी व्हावी लागते. पूर्वीचे ट्रकचालक त्यासाठी डबल क्लच मारीत. पुढे अमेरिकेत १९२८ साली कॅडिलॅक गाडीत अशी योजना आली, की दाते भिडण्याआधी एक कडी घासून दोघांची गती जुळवून घेते. आज सर्व गाड्यांच्या पुढच्या गिअरना ती असते, कडी बहुधा पितळेची. पण तिला हे काम करायला निमिषभर वेळ लागतो. गिअरची दांडी ओढून न्यूट्रलमध्ये आणली की अर्धा श्वास थांबा आणि मग पुढे ढकला, तेही मुठीने नव्हे तर तळहाताने, हलक्या हाताने. बहुतेक गाड्यांत मागे जाण्याच्या गिअरला ही कडी नसते, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नये.

दांडीवर हात ठेवून गाडी चालवणे ही आपल्याकडची राष्ट्रीय सवय आहे. हाताचे वजन दांडीतून आतल्या काट्यावर पडते आणि तो फिरत्या भागावर घासत राहतो. गाडीचे जे व्हायचे ते होते, पण डावा खांदाही उगाच ताठलेला राहतो. मधुमेही लोकांत खांदा आखडण्याचा विकार इतरांपेक्षा जास्त दिसतो, आणि आपल्या देशात गिअर डाव्या हाताला असल्याने डावा खांदा आखडला की पहिली तक्रार येते ती 'पाचवा गेर पडत नाई' अशी. असा माणूस आधी मिस्त्रीकडेच जातो. तेव्हा दुसऱ्या कुणाला गाडी चालवायला देऊन पाहावे. त्याला गिअर सहज पडला तर मिस्त्रीला सोडा आणि दवाखान्यात या. त्यालाही पडत नसेल, आणि इंजिन बंद केल्यावर सहज पडत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. गिअर आपोआप निसटून न्यूट्रल होत असेल तर मात्र गॅरेजला उशीर करू नका, घाटात ते जिवावर बेतते.

घाटावरून आठवले. १९९६ साली, नुकताच डॉक्टर झालो होतो तेव्हा, चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना पेट्रोल वाचवायला मी गाडी न्यूट्रल केली. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, उतार सरत नाही. निम्म्या वाटेत ब्रेकचा वास आला, मग पेडल दाबूनही गाडी हवी तशी धरेना. कसाबसा दुसरा गिअर टाकला, गाडी गुरगुरत आवरली. मागे आई बसली होती. तिला मी आजवर हे सांगितलेले नाही, आता ती पेपरात वाचील. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरते. आणि हल्लीच्या गाड्यांत उतारावर इंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदतही जाते, पेडल दगडासारखे होते.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत रुतलेली गाडी अर्ध्या क्लचवर रेटून प्लेट जाळणारे मी दरवर्षी पाहतो. चाकाखाली पऱ्हाटी घाला, चार माणसे बोलवा. चढावर गाडी थांबवायची तर हँडब्रेक आहे, क्लचवर तोलून धरू नका.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या चालकांनी जेवण चुकवून गाडी चालवू नये. साखर उतरली की घाम, हाताला कंप, आणि कोणत्या गिअरमध्ये आहोत हेच सुचत नाही. खिशात खडीसाखर ठेवावी, लक्षण दिसताच गाडी बाजूला घेऊन खावी, आणि पूर्ण सावरल्याखेरीज निघू नये. सर्दीच्या साध्या गोळीनेही झोप येते, ती घेऊन रात्रीचा माल नेऊ नये. संत्र्याच्या ढिगाजवळ तासन्‌तास उकिडवे बसून निवड करणाऱ्यांना कधी कधी गुडघ्याशेजारची नस दबून पाऊल उचलता येईनासे होते. असे पाऊल पेडलखाली अडकते. ते बहुधा सुधारते, पण तोवर स्टिअरिंग धरू नये.

'डॉक्टर, मग क्लच नसलेली गाडीच घेऊ का?' असे काहीजण विचारतात. आता आपल्याकडे लहान गाड्यांतही आपोआप गिअर बदलण्याची सोय आली आहे. गुडघा, खांदा, कंबर यांची तक्रार असेल आणि परवडत असेल तर अवश्य घ्या. बधिर पायावर तो उपाय नव्हे, कारण ब्रेक तर त्याच पायाने मारायचा आहे.

आमचे पिकअपवाले चार महिन्यांनी परत आले. सही कुठूनही आणली नव्हती. मुलाने कॉलेज सांभाळून गाडी चालवली, हंगामातले काही भाडे हातचे गेले, त्याबद्दल त्यांनी मला ऐकवलेही. काट्याची जखम भरायला सात आठवडे लागले. उजव्या पायाची संवेदना बरीच सुधारली होती, डाव्याची थोडी, टाचेकडे. मी त्यांना तज्ज्ञांकडे पाठवले आहे आणि फॉर्म अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तूर्त ते मुलाच्या शेजारी बसून जातात. प्लेट, तेवढ्या काळात, एकदाही बदलावी लागलेली नाही.

लायसनच्या फॉर्मसाठी माझ्याकडे येणाऱ्यांना विनंती. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी या, चष्मा आणा, चालू गोळ्यांची पाकिटे आणा, आणि चप्पल बाहेर काढून आत या. दोन मिनिटांत होणार नाही, वीस मिनिटे लागतील.